बॉनचा नाताळ आणि नागपूरची संत्री

परदेशात राहून आलेल्या माणसाला आपल्याकडे दोन प्रश्न हमखास विचारले जातात. तिथे थंडी किती, आणि खाण्याचे कसे? आम्हालाही ते विचारले गेले. पण तिसरा एक प्रश्न आमच्या घरातूनच आला, आणि त्याचे नीट उत्तर द्यायला आम्हाला पुढची दोन वर्षे लागली. डिसेंबर २०१६ मध्ये नागपूरहून आजींचा फोन आला होता. मागे थोरली गाणे म्हणत होती. भाषा जर्मन, गाणे नाताळचे. आजी थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "काहून गं, तिकडं तुम्ही बाप्तिस्मा-बिप्तिस्मा त नाही ना घेतला?"

आम्ही हसलो. आजी हसल्या नाहीत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा दिली तेव्हा आजी सहा वर्षांच्या होत्या. वडिलांच्या खांद्यावर बसून त्यांनी तो जनसागर पाहिला. बावीस प्रतिज्ञा त्यांना आजही तोंडपाठ आहेत. जे एवढ्या कष्टाने मिळाले, ते नातवंडे दूरदेशी एखाद्या गाण्यात हरवून तर बसणार नाहीत ना, एवढीच त्यांची काळजी होती. ती आमचीही होती. फक्त आम्ही ती बोलून दाखवत नव्हतो.

ऱ्हाईनकाठचे गाव

नोकरीनिमित्त २०१६ ते २०१९ अशी तीन वर्षे आम्ही जर्मनीतील बॉन शहरात राहिलो. आम्ही दोघे, थोरली मुलगी आणि धाकटा मुलगा. तिथे गेलो तेव्हा थोरली चार वर्षांची होती आणि धाकट्याने नुकतेच पाऊल टाकायला सुरुवात केली होती.

बॉन हे ऱ्हाईन नदीच्या काठचे शांत शहर. पश्चिम जर्मनीची राजधानी इथे होती. १९९० साली दोन्ही जर्मनी एक झाल्या आणि १९९९ मध्ये संसद व सरकार बर्लिनला गेले. संगीतकार बीथोव्हन यांचा जन्म १७७० साली इथलाच. पण आपल्या माणसाला या गावाची ओढ वेगळ्या कारणाने वाटते. लंडनमध्ये शिकत असताना १९२१ साली बाबासाहेबांनी बॉन विद्यापीठात नाव नोंदवले होते. इथे त्यांचा अभ्यास पुढे गेला नाही, पण नोंद झाली ती झालीच. विद्यापीठाची मुख्य इमारत म्हणजे जुना पिवळा राजवाडा. त्याच्यासमोर मोठे हिरवे मैदान आहे. पहिल्याच रविवारी आम्ही मुलांना घेऊन तिथे गेलो. थोरलीने विचारले, "बाबासाहेब इथे घसरगुंडीवर खेळले का?" आम्ही म्हटले, "नाही गं, त्यांना वेळच नव्हता."

दिव्यांचे दिवस

आपल्याला नाताळ म्हणजे २५ डिसेंबर वाटतो. तिथे त्याची चाहूल ११ नोव्हेंबरलाच लागते. तो संत मार्टिनचा दिवस. मार्टिन हा रोमन सैनिक. थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला पाहून त्याने आपला झगा तलवारीने कापला आणि अर्धा त्याला दिला, अशी कथा आहे. बॉन-कोलोन भागात त्या संध्याकाळी मुले हातात कागदी कंदील घेऊन मिरवणूक काढतात. पुढे घोड्यावर मार्टिन असतो, शेवटी शेकोटी पेटते आणि मुलांना माणसाच्या आकाराचा गोड पाव मिळतो. थोरलीने बालवाडीत केलेला कंदील आपल्या आकाशकंदिलासारखाच होता. तो हातात धरून ती चालत होती, आणि आम्हाला वाटले, या कथेत न पटण्यासारखे काय आहे? ज्याच्याजवळ आहे त्याने अर्धे द्यावे, हे दान आपल्यालाही ठाऊक आहे.

नोव्हेंबरच्या शेवटी आडवेंट सुरू होतो. नाताळाआधीचे चार रविवार. घरोघरी फरच्या फांद्यांची गोल कडी करून तिच्यात चार मेणबत्त्या लावतात. पहिल्या रविवारी एक पेटते, दुसऱ्या रविवारी दोन, अशा चौथ्या रविवारी चारही. या कडीचा इतिहास आम्हाला तिथे कळला. योहान हिन्रिख विखर्न नावाचे एक धर्मोपदेशक हॅम्बुर्गमध्ये गरीब, निराधार मुलांचे वसतिगृह चालवत. "नाताळ किती दिवसांवर आला?" असे मुले रोज विचारून भंडावून सोडत. १८३९ साली त्यांनी एका जुन्या गाडीच्या चाकावर मेणबत्त्या बसवल्या. रविवारसाठी मोठ्या पांढऱ्या, इतर दिवसांसाठी लहान लाल. रोज एक पेटवायची, म्हणजे मुलांना दिवस मोजता येतील. गरीब मुलांच्या वसतिगृहातून निघालेली प्रथा आज श्रीमंतांच्या बैठकीत जाऊन बसली आहे.

लहान मुलांसाठी चोवीस खिडक्यांची दिनदर्शिका मिळते. १ डिसेंबरपासून रोज एक खिडकी उघडायची, आत चॉकलेटचा तुकडा. आपल्याकडच्या मुलांना सबुरी शिकवायला यापेक्षा चांगले साधन नाही. मात्र धाकट्याने तिसऱ्याच दिवशी अकरा खिडक्या उघडून टाकल्या!

शहराच्या चौकांत लाकडी टपऱ्यांचा बाजार भरतो. बॉनमध्ये तो मुन्स्टर चर्चच्या चौकात, बीथोव्हनच्या पुतळ्याभोवती असतो. भाजलेले चेस्टनट, साखरेत घोळलेले बदाम, बटाट्याचा कीस तळून केलेली धिरडी आणि त्याबरोबर सफरचंदाची चटणी. मोठ्यांसाठी मसाला घालून गरम केलेली वाइन, मुलांसाठी तसेच गरम फळांचे पेय. पेयाच्या मगासाठी अनामत ठेवावी लागते, मग परत केला की पैसे परत. बर्फाचे म्हणाल तर तो चित्रातच. बॉनला डिसेंबरात बहुधा पाऊसच पडतो आणि साडेचारला अंधार होतो. अशा अंधारात हे दिवे का लागतात ते तिथे राहिल्याशिवाय कळत नाही.

बुटातली मँडरिन

पहिल्या वर्षी आमच्या फजितीही झाल्या. ६ डिसेंबरच्या सकाळी दार उघडले तर बाहेर ठेवलेल्या मुलांच्या बुटांत अक्रोड, मँडरिन संत्री आणि चॉकलेटे! कुणाची तरी पिशवी फाटली असावी असे समजून आम्ही सगळे गोळा करून जिन्यातल्या खिडकीत ठेवले. थोरली बालवाडीतून आली ती रडतच. सगळ्यांच्या बुटांत संत निकोलाउसने खाऊ टाकला होता, तिच्याच नाही. तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला. जिन्यात जाऊन पाहिले, खाऊ तिथेच होता. समोरच्या दारातून एक म्हाताऱ्या बाई डोकावून हसत होत्या.

दुसरी फजिती दुधाची. २४ डिसेंबरला दुपारी दोनच्या सुमारास दुकाने बंद होतात. २५ आणि २६ दोन्ही दिवस सुट्टी. त्या वर्षी २५ ला रविवार होता. आम्ही नागपूरच्या सवयीने संध्याकाळी पिशवी घेऊन निघालो. सगळ्या गावात चिटपाखरू नाही. घरी दूध अर्धा पेला. शेवटी समोरचेच दार ठोठावले. बाईंनी दुधाचा पुडा दिला, वर बशीभर बिस्किटे दिली. त्या एकट्याच राहत होत्या. मुलगा दूर कॅनडात. मुले त्यांना 'ओमा' म्हणू लागली. जर्मनमध्ये ओमा म्हणजे आजी.

त्या रात्री आम्ही दोघे बराच वेळ बोलत बसलो. नाताळ करायचा की नाही? घरात झाड आणायचे की नाही? शेवटी साधे ठरले. आनंद वाटून घ्यायचा, पूजा करायची नाही. कुणी प्रेमाने दिले तर घ्यायचे आणि आपणही द्यायचे. मुलांना कथा कथा म्हणून सांगायची. आणि २५ डिसेंबर हा आपला कोणता दिवस आहे, तेही त्यांना सांगायचे.

पुढच्या वर्षी, २०१७ साली, आम्ही हातभर उंचीचे झाड आणले. टोकाला काय लावायचे? थोरली दिनदर्शिकेच्या खिडक्या मोजत होती. ती म्हणाली, "चोवीस खिडक्या, आणि आपल्या झेंड्यावरच्या चाकालाही चोवीस आऱ्या!" तिने पिवळ्या पुठ्ठ्याचे चक्र कापले. आऱ्या एकोणीसच बसल्या, पण आम्ही ते तसेच लावले.

मुकुट गेला

थोरली ज्या बालवाडीत जात होती ती चर्चतर्फे चालणारी होती. अशा शाळा तिथे पुष्कळ. बाई प्रेमळ होत्या, मुलीने भाषा सहा महिन्यांत उचलली ती त्यांच्यामुळेच. दर वर्षी नाताळात मुले येशूजन्माचे नाटक करतात. मेरी, जोसेफ, मेंढपाळ आणि पूर्वेकडून आलेले तीन राजे. या तीन राजांचे अवशेष म्हणून मानल्या जाणाऱ्या अस्थी ११६४ साली जवळच्या कोलोन शहरात आणल्या गेल्या आणि तिथल्या कॅथेड्रलमध्ये सोन्याच्या पेटीत आहेत. त्यामुळे त्या भागात या राजांचे फार महत्त्व. जुन्या चित्रांत त्यांतला एक राजा काळ्या रंगाचा दाखवतात. नाटकात त्यासाठी गोऱ्या मुलाच्या तोंडाला काळे फासायची चाल होती. अलीकडे अनेक ठिकाणी ती बंद झाली आहे.

थोरली नाचत घरी आली. "मी राजा! मला सोनेरी मुकुट!" दुसऱ्या दिवशी बाई कौतुकाने म्हणाल्या, "काळ्या राजासाठी हिला रंगसुद्धा लावावा लागणार नाही."

त्यांच्या मनात वाईट नव्हते, हे आम्हाला कळत होते. पण रात्री झोप लागली नाही. जन्माने मिळालेल्या अंगावरून कुणाचे काम ठरवायचे, ही गोष्ट आपल्या माणसाला नवी नाही. आपल्या पणजोबांचे काम असेच ठरले होते. कुणी म्हणेल, काम तर राजाचे मिळाले, मग तक्रार कसली? आम्हीही स्वतःला तेच समजावून पाहिले. पटले नाही.

आम्ही बाईंना भेटलो. मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये सांगितले, "ती राजा झाली याचा आनंद आहे. ती रंगावरून झाली, एवढेच नको." बाई लालबुंद झाल्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. दोन दिवसांनी त्यांनी सर्व मुलांच्या नावाने चिठ्ठ्या टाकल्या. राजाची चिठ्ठी दुसऱ्याच एका मुलाला निघाली. थोरलीला निघाला धर्मशाळेचा मालक, जो मेरी आणि जोसेफला दारातून परत पाठवतो. त्याला एकच वाक्य. "जागा नाही!"

ती घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडली. "तुम्ही माझा मुकुट घालवला." आमच्याजवळ उत्तर नव्हते. तत्त्व आमचे होते, मुकुट तिचा गेला होता. पाच वर्षांच्या मुलीला तत्त्व कसे समजवायचे? दोन दिवस ती आमच्याशी धड बोलली नाही.

तिसऱ्या दिवशी वाक्याचा सराव करताना तिनेच विचारले, "पण हा माणूस जागा का देत नाही?" तेव्हा आम्ही तिला बडोद्याची गोष्ट सांगितली. परदेशात एवढे शिकून आलेले बाबासाहेब १९१७ साली बडोदा संस्थानच्या नोकरीत गेले, तेव्हा त्यांना राहायला कुणी जागा देईना. पारशांच्या एका सरायीत नाव बदलून राहिले. ते अस्पृश्य आहेत हे कळल्यावर लोक काठ्या घेऊन आले आणि त्यांना बाहेर काढले. बाबासाहेब कमाठी बागेत झाडाखाली बसून राहिले. मुलीने सगळे ऐकले. काही बोलली नाही.

नाटकाच्या दिवशी तिने डोक्याला रुमाल बांधला, दार उघडले आणि ठणठणीत आवाजात म्हणाली, "जागा नाही!" टाळ्या पडल्या. परत येताना ट्राममध्ये ती खिडकीबाहेर पाहत होती. मग म्हणाली, "त्यांना नंतर गोठा तरी मिळाला. बाबासाहेबांना कुणी गोठा दिला?"

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. नाही, कुणी दिला नाही.

पंचवीस तारीख

२०१७ साली चौथा रविवार आणि २४ डिसेंबर एकाच दिवशी आले. तिथे भेटवस्तू २४ च्या संध्याकाळीच उघडतात. ओमांनी मुलांसाठी लोकरीचे मोजे विणले होते. आम्ही त्यांना दुसऱ्या दिवशी जेवायला बोलावले. त्यांनी बटाट्याची कोशिंबीर आणली. आम्ही वरणभात, वांग्याची भाजी आणि खीर केली. खीर चाखून त्या म्हणाल्या, "हा तर आमचा दूधभात!" दालचिनी घातलेला गोड दूधभात त्यांच्याकडेही करतात.

भिंतीवर तथागत आणि बाबासाहेबांच्या तसबिरी होत्या. समोर मेणबत्ती लावलेली. ओमांनी विचारले, "आज तुमचाही सण आहे का?" आम्ही अडखळलो. महाडच्या त्या घटनेला त्या दिवशी बरोबर ९० वर्षे झाली होती. २५ डिसेंबर १९२७. पण ते सांगायचे कसे? जर्मन माणसासमोर 'आम्ही एक ग्रंथ जाळला तो हा दिवस' असे म्हणायचे? १० मे १९३३ रोजी बॉनच्या बाजारचौकातही नाझींनी पुस्तकांची होळी केली होती. त्या देशात पुस्तक जाळणे म्हणजे काय, हे शाळकरी मूलही जाणते.

तरी सांगितले. मनुस्मृतीत काय लिहिले होते ते सांगितले. शूद्राने विद्या घेऊ नये, स्त्रीने कधी स्वतंत्र असू नये. महाडच्या परिषदेत मनुस्मृती जाळण्याचा ठराव गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे या ब्राह्मण गृहस्थांनी मांडला, हेही सांगितले. या दिवसाला आपल्याकडे भारतीय स्त्रीमुक्ती दिन का म्हणतात, ते सांगितले. अडले तिथे थोरली दुभाषी झाली.

ओमांचा चेहरा गंभीर झाला होता. त्या म्हणाल्या, "पुस्तक जाळणे मला आवडत नाही. कुणाचेही." मग थोडे थांबून विचारले, "जाळणाऱ्यांच्या हातात सत्ता होती का? पोलीस होते का?"

आम्ही म्हटले, "नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये चवदार तळ्याचे पाणी प्यायले म्हणून त्यांना मार खावा लागला होता. डिसेंबरात कोर्टाची मनाई होती, म्हणून ते तळ्यावर गेलेही नाहीत. निकाल त्यांच्या बाजूने लागायला हायकोर्टात १९३७ साल उजाडले."

"पाण्यासाठी दहा वर्षे," त्या म्हणाल्या. एवढेच.

मग त्या आपल्या लहानपणाबद्दल बोलल्या. युद्धानंतरच्या १९४६ च्या हिवाळ्यात त्या नऊ वर्षांच्या होत्या. शहर मोडलेले, घरात कोळसा नाही. लोक रेल्वेच्या वाघिणींतून कोळसा चोरत. कोलोनचे कार्डिनल फ्रिंग्स यांनी त्या ३१ डिसेंबरच्या प्रवचनात सांगितले, की जीव जगवण्यासाठी लागणारे कष्ट करून किंवा मागूनही मिळत नसेल, तर ते घेणे माणसाला चालेल. तेव्हापासून त्या भागात अशा घेण्याला 'फ्रिंग्सन' असे क्रियापदच पडले. "आईने त्या दिवशी पहिल्यांदा मान वर करून कोळसा आणला," ओमा म्हणाल्या. कायदा आणि न्याय एकच नसतात, हे त्यांना आम्ही वेगळे समजावण्याची गरज नव्हती. पुस्तकाबद्दलचे त्यांचे मत मात्र शेवटपर्यंत बदलले नाही, आणि आम्हीही आग्रह धरला नाही.

२६ तारखेला त्या आम्हाला जुन्या टाऊन हॉलसमोरच्या चौकात घेऊन गेल्या. चौक रिकामा होता. दगडी फरशीत पुस्तकांच्या कण्या बसवलेल्या आहेत, त्यांवर लेखकांची नावे. जिथे पुस्तके जाळली, तिथेच ही आठवण २०१३ साली बसवली. धाकटा वाकून एकेका कणीवर हात फिरवत होता. ओमा म्हणाल्या, "माझ्या वडिलांनी ती आग पाहिली होती. घरी कधी बोलले नाहीत. तुम्ही मुलांना सांगता, हे बरे करता."

संत्री

२०१९ मध्ये आम्ही नागपूरला परतलो. परदेशी जाणाऱ्या आपल्या मुलामुलींना आमचे एवढेच सांगणे आहे. शेजाऱ्याच्या सणाला दार बंद करून बसू नका, आणि त्यात स्वतःला विसरूही नका. जिथे मान खाली जाईल तिथे बोला, मग मुकुट गेला तरी चालेल. आणि २४ तारखेच्या दुपारपूर्वी दूध आणून ठेवा!

आजींना आम्ही हे सगळे सविस्तर सांगितले. नाटकाची गोष्ट त्यांनी दोनदा सांगायला लावली. 'बाबासाहेबांना कुणी गोठा दिला?' हे ऐकून त्यांनी नातीला जवळ ओढले. बाप्तिस्म्याचा विषय त्यानंतर कधी निघाला नाही.

त्या डिसेंबरात मुलांनी जुन्या सवयीने ५ तारखेच्या रात्री बूट दाराबाहेर ठेवले. आम्ही कामाच्या गडबडीत विसरलो. ६ डिसेंबर हा आपला महापरिनिर्वाण दिन. पहाटे उठून अभिवादनाला जायचे होते. दार उघडले तर चारही बुटांत एकेक संत्रे! आमच्या नागपूरचे, पिवळेधमक. आजी पांढरे पातळ नेसून तयार बसल्या होत्या.

"माझ्याकडं काय पाहता?" त्या म्हणाल्या. "पोरायनं बूट ठेवले, रिकामे कसे राहू द्यायचे? चला, उशीर होते."

जयभीम!